पहिल्या क्रमांकाची पुलिया

मार्च लागला की दुपारचा कोरडा पश्चिमवारा सुटतो आणि आमच्या कॉलनीत दोन वास एकदम येतात. एक आंब्याच्या मोहोराचा, दुसरा नाल्याचा. मोहोराला इथे बौर म्हणतात. कॉलनीतली जुनी माणसं खोल श्वास घेऊन म्हणतात, मलिहाबादची हवा आली. तिथल्या आंब्याच्या बागा इथून चांगल्या तासाभराच्या रस्त्यावर आहेत, वास तिथून कसा येईल? आमच्याच भिंतीलगत तीन आंबे आहेत, ते फुलतात. पण सगळ्यांना भूगोल शिकवायची सवय मी आता सोडली आहे. म्हणतात तर म्हणू देत. नाल्याच्या वासाबद्दल मात्र कुणी काही म्हणत नाही. तो कुठून येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

परवा अशाच एका दुपारी फोनवर निरोप आला. आपल्या वॉर्डाचा पैसा कुठे लागावा, हे आपणच सांगा. खाली एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र. मी तो निरोप पुसला नाही आणि उघडलाही नाही. फोन पालथा घातला आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकत बसले. हा निरोप मला नवा नाही. तीन वर्षांपूर्वी, याच वाऱ्यात, याच दोन वासांत, आम्ही तो खरा मानला होता.

मी मूळची कऱ्हाडची. अनिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नोकरीपायी इथे आले. तो एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायचा, मी शाळेत भूगोल शिकवायचे. दोन-तीन वर्षांत परत जाऊ असं म्हणता म्हणता तीस वर्षं झाली आणि आम्ही दोघंही इथेच निवृत्त झालो. घरात मराठी आहे, पण तिच्यात 'सब्जी' आणि 'अच्छा' इतके रुळलेत की कऱ्हाडची बहीण फोनवर हसते. मुलगी तर मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीतच देते. तीस वर्षांनीही आम्ही इथले आहोत की नाही, हे कुणी विचारलं तर मला पटकन सांगता येणार नाही. पण अशा माणसाचा एक उपयोग असतो. तंट्यात तो कुणाच्या बाजूचा धरला जात नाही. त्या मार्चमध्ये वॉर्डाच्या ऑफिसातून सांगितलं गेलं की मोहल्ल्याने सभा घेऊन आपल्या गरजांची यादी करावी, सगळ्यात निकडीचं काम पहिल्या क्रमांकावर लिहावं, आणि त्याप्रमाणे बजेट होईल. तेव्हा यादी लिहायला सगळ्यांनी माझं नाव सुचवलं ते यामुळेच. शिवाय अक्षर बरं आहे.

मोहल्ला म्हणजे दोन तुकडे. अलीकडे आमची कॉलनी, दुमजली घरं, दारात गाड्या. मधे नाला. पलीकडे वस्ती. वस्तीतून मोठ्या रस्त्यावर यायचं तर एक लांबचा वळसा होता, भर उन्हात नको वाटणारा, नाहीतर नाल्यावरची पुलिया. पुलिया म्हणजे खरं तर छोटा पक्का पूल. ही तशी नव्हती. बांबूच्या चौकटीवर टाकलेल्या फळ्या, एका बाजूला धरायला दोरी. दर वर्षी जेठच्या उन्हात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, वस्तीतले पुरुष मिळून जुने बांबू काढायचे आणि नवे बांधायचे. त्यांचा म्होरक्या मुस्तकीम, ई-रिक्षा चालवणारा, बोटभर दाढीचा शांत माणूस. तो कमरेइतक्या काळ्या पाण्यात उभा राहून गाठी मारायचा आणि आम्ही कॉलनीतले लोक गच्चीवरून बघायचो. दर वर्षी बघायचो, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्याच फळ्यांवरून शकीला बाजी यायच्या. मुस्तकीमची थोरली भावजय. नवरा लवकर गेला, दोन मुली, आणि हातात चिकनचं, म्हणजे इथल्या बारीक भरतकामाचं, काम. चौकातल्या एका व्यापाऱ्याकडून निळ्या छापाचे कुर्ते आणायच्या, भरून परत द्यायच्या. माझ्या मुलीच्या लग्नात तिच्या साडीचा पदर त्यांनी भरला होता, तेव्हापासून आमची ओळख. चिकनमध्ये जाळीचं काम सगळ्यात अवघड. कापडाचा एकही धागा तोडायचा नाही, सुईच्या टोकाने धागे बाजूला सारायचे आणि बारीक छिद्रांची जाळी उभी करायची. आमच्या भागात ते फार थोड्या बायकांना येतं. शकीला बाजी बोलता बोलता करायच्या. मी एकदा विचारलं, न बघता कसं जमतं? त्या म्हणाल्या होत्या की डोळ्यांना थोडं उशिरा कळतं, हाताला आधी कळतं.

त्या मार्चमध्ये मी दहा दिवस दारोदार हिंडले. मोहल्ल्याचा नकाशा काढला होता, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर, शाळेत काढायचे तसा. निंबाची पानं गळत होती, सगळ्या अंगणांतून त्यांची करकर. होळी नुकतीच झाली होती, त्यामुळे प्रत्येक घरी उरलेल्या गुजिया, म्हणजे इथल्या करंज्या, समोर यायच्या आणि नाही म्हणता यायचं नाही. कॉलनीत लोक खूप बोलायचे. कुणाला कुत्र्यांचा बंदोबस्त हवा होता, कुणाला मंगल कार्यालयाचा लाऊडस्पीकर बंद व्हायला हवा होता, एक निवृत्त गृहस्थ तासभर पार्किंगबद्दल बोलले आणि शेवटी म्हणाले, लिहू नका, असंच सांगितलं. सगळ्यांपेक्षा ठाम होते त्रिपाठीजी, कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी. त्यांना कॉलनीच्या तोंडाशी प्रवेशद्वार हवं होतं. कमान, वर नाव, रात्री बंद होणारं फाटक. त्यांनी त्याचं चित्रही काढून घेतलं होतं.

नाल्यापलीकडे लोक कमी बोलायचे. पहिल्या दारात 'पुलिया', दुसऱ्या दारात 'पुलिया'. पाणी गढूळ येतं, दिवे नाहीत, हे मला दिसत होतं, मी विचारायचे, तर मान हलवून म्हणायचे, हो, तेही आहे, पण आधी पुलिया. शकीला बाजींच्या ओसरीवर मी बसले तेव्हा त्यांनी सुई बाजूला ठेवून माझा नकाशा बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवून विचारलं, हे आमचं घर? मी हो म्हटलं. त्या हसल्या. आमचं घर कागदावर पहिल्यांदा बघते आहे, म्हणाल्या.

घरी अनिल म्हणायचा, तू फार मनावर घेते आहेस. मुलगी फोनवर म्हणायची, आई, आप क्यों पड़ती हैं इसमें. मला राग यायचा दोघांचाही. आयुष्यभर मुलांना नद्या, पर्वत आणि सीमा शिकवल्या, आता समोरच्या नाल्यावर एक पूल व्हावा इतकं मागण्यात काय चुकलं?

सभा शाळेच्या मैदानात झाली. मांडव, लाल खुर्च्या, समोसे, ऑफिसातून आलेले दोघे जण. त्रिपाठीजी प्रवेशद्वारावर बोलले, चांगलं बोलले. चोऱ्या, सुरक्षा, कॉलनीची शान. टाळ्याही पडल्या. मी यादी वाचली, पण माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला आणि लोक समोशांकडे बघू लागले. तेव्हा मागच्या रांगेतून शकीला बाजी उठल्या. ओढणी नीट केली. त्यांना अशा ठिकाणी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, बहुधा कुणीच नाही.

"हम लोग आप ही के घरों में काम करने आते हैं," त्या म्हणाल्या. "रोटी बनाने वाली, बच्चा देखने वाली, अम्मा को नहलाने वाली, सब उसी फट्टे पर से आती हैं। गेट बनेगा तो भी हम उसी पर से आएँगे। बस इतना कहना था।"

आणि बसल्या. त्रिपाठीजींची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला सांभाळणारी बाई पलीकडूनच यायची. ते काही वेळ हातातल्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी चित्राची गुंडाळी केली, खुर्चीखाली ठेवली आणि स्वतःचा हात वर केला. म्हणाले, पुलिया पहले. त्यांच्यामागे एकेक हात वर गेला. ऑफिसातल्या माणसाने मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली, कारण वर नसलेला हात शोधावा लागत होता.

मी पहिल्या क्रमांकावर 'पुलिया' लिहिलं. सगळ्यांनी खाली सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले, कागदाचा फोटो काढला गेला. घरी येताना तो मोहोराचा वास इतका दाट होता की नाला जाणवलाच नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा मला असं वाटलंय की मी एखाद्या गावची आहे. त्या संध्याकाळी वाटलं.

महिन्याभरात एक इंजिनिअर आला. टेप लावून माप घेतलं, दोन्ही काठांवर विटांवर लाल रंगाच्या फुल्या मारून गेला. वस्तीतल्या बायका ती फुली दाखवायला एकमेकींना घेऊन यायच्या.

पुढचं सांगायला मला कठीण जातं, म्हणून सरळ सांगते. मे महिन्याच्या अखेरीस मुस्तकीम आमच्या दारात आला. चपला बाहेर काढून उभा राहिला. बांबू कुजलेत, म्हणाला, पण पक्की होणार असेल तर खर्च आणि मेहनत वाया जाईल. त्याने विचारलं, "दीदी, इस साल बाँधें कि रहने दें?"

त्याने मला विचारलं, कारण यादी मी लिहिली होती. मी म्हणाले, "रहने दीजिए। अब पक्की ही बनेगी।"

तो बरं म्हणाला आणि गेला. मी आत येऊन अनिलला अभिमानाने सांगितलं की लोक आता मला विचारायला येतात.

जून गेला, जुलै गेला. लाल फुल्या पावसात पुसट झाल्या. मी दोनदा ऑफिसात फोन केला, दोन्ही वेळा 'प्रक्रिया में है' असं उत्तर मिळालं आणि दोन्ही वेळा मी ते वस्तीत जाऊन सांगितलं. ऑगस्टमधल्या एका सकाळी शकीला बाजी चौकातून आणलेलं कामाचं गाठोडं घेऊन घरी जात होत्या. मधला बांबू दबला, फळी कलली. नाल्याला त्या दिवशी ओढ नव्हती म्हणून जीव वाचला असं सगळे म्हणाले. पण तळाशी दगड होते आणि त्यांनी पडताना गाठोडं वर धरलं होतं, कुर्ते भिजू नयेत म्हणून. त्यामुळे सगळा भार उजव्या मनगटावर आला.

डॉक्टरांनी आपलं काम नीट केलं. हाडच असं मोडलं होतं की ते पहिल्यासारखं होणार नव्हतं, आणि तसं त्यांनी आधीच सांगितलं. दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं. हात दिसायला ठीक दिसत होता. भाकरी थापता येत होती, बादली उचलता येत होती. फक्त अंगठा आणि पहिलं बोट सुई धरून स्थिर राहत नव्हती. साधा टाका पडायचा. जाळी नाही. माझ्यासमोर एकदा त्यांनी प्रयत्न केला. धागा सरकवायच्या ऐवजी तुटला. त्यांनी तो तुटलेला धागा बघितला, कुर्ता घडी घालून धाकट्या मुलीकडे दिला आणि चहाचं विचारलं.

मी त्यांना सांगितलं. मुस्तकीम विचारायला आला होता, मी नको म्हटलं. त्यांना ते माहीत होतं, सगळ्या वस्तीला माहीत होतं. मला वाटलं होतं त्या रागावतील, निदान गप्प होतील. त्या म्हणाल्या, "आपने क्या किया दीदी, आपने तो लिखा ही था।" एवढ्या मायेने म्हणाल्या की मला तिथून उठता येईना. त्यांनी मला दोषी धरलं असतं तर मी त्यांच्या बरोबरीची तरी ठरले असते. अजून मी त्या वाक्यावर विचार करते. त्यांनी मला मोकळं केलं की वेगळं काढलं, हे मला कळलेलं नाही.

दिवाळीच्या आसपास कॉलनीच्या तोंडाशी खड्डे खणले गेले. मी धावत गेले. प्रवेशद्वाराचे होते. कमान, वर नाव, दोन्ही बाजूंना सिमेंटची कमळं. त्रिपाठीजींच्या चित्रातलं ते नव्हतंच, कुणीतरी दुसऱ्यानेच ठरवलेलं होतं, फाटक तर नव्हतंच. त्रिपाठीजी संध्याकाळी आमच्याकडे आले. उन्हाळ्यात त्यांची आई वारली होती. सोफ्याच्या कडेवर बसून ते दोनदा तेच म्हणाले, "भाभीजी, हमने तो नहीं माँगा था।" मला माहीत होतं. त्यांचा वर गेलेला हात मीच तर पाहिला होता. आधी मागितलं होतं आणि मग सगळ्यांदेखत सोडलं होतं. सोडल्यावर ते मिळालं, आणि आता आयुष्यभर लोक म्हणणार की त्रिपाठीजींनी वजन वापरलं. काही जण म्हणतातही.

मग मी ऑफिसात गेले. नकाशा बरोबर नेला होता, कशासाठी कोण जाणे. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने फाइल काढली, आमची यादी मला दाखवली. माझं अक्षर, सगळ्यांच्या सह्या, अंगठे, सगळं जपून लावलेलं होतं. त्यावर शिक्का होता, 'प्राप्त'. त्याने समजावलं की नाला दुसऱ्या खात्याचा आहे, त्यावर आमचं खातं बांधू शकत नाही, कॉलनीचा रस्ता मात्र आमच्या खात्यात येतो. मी विचारलं, मग माप घ्यायला माणूस का आला होता? ते त्याला माहीत नव्हतं. मी विचारलं, मग आम्हाला विचारलं कशाला? त्याने चष्मा काढला.

"सुझाव माँगा था, मैडम," तो म्हणाला. "फ़ैसला थोड़े ही माँगा था।"

त्या दुसऱ्या खात्यातही मी गेले. तीन वेळा गेले. तिथे अर्ज घेतले गेले. अनिल बरोबर यायचा, बाकावर बसायचा. त्याने एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही, आणि त्याचाही मला राग आला. नंतर मी जायची थांबले. थांबले म्हणजे ठरवून नाही. एका सोमवारी जायचं राहिलं, मग पुढच्या.

मला आता वाटतं, आमचं सगळ्यात मोठं नुकसान पुलिया न होण्याने झालं नाही. ती पूर्वीही नव्हती आणि लोक आपापले बांबू बांधून जगत होते. विचारल्यामुळे ते वर्षभर बांधायचे थांबले. न विचारणाऱ्या सरकारात आपण कसं राहायचं हे वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. विचारणाऱ्या सरकारात कसं राहायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच. मी त्यांना आशा नेऊन दिली, ती दुसऱ्याची होती आणि मी तपासून पाहिली नव्हती.

त्या वर्षानंतर वस्तीतले लोक जेठची वाट बघत नाहीत. होळी झाली की पहिल्या रविवारी बांबू बदलतात. काल तोच रविवार होता. गच्चीवरून बघायचं मी केव्हाच सोडलंय, मी वळसा घालून पलीकडे गेले. मुस्तकीम पाण्यात उभा होता, वर चार जण फळ्या देत होते. मी एक दोरी उचलली तर कुणीतरी ती अलगद माझ्या हातातून घेतली आणि कुणीतरी आतून खुर्ची आणली. बसा म्हणाले. चहा आला, बशीसकट. बाकी सगळे ग्लासात पीत होते. शकीला बाजी शेजारी वेताच्या मोढ्यावर बसून धाकटीला टाके सांगत होत्या. आता त्या तोंडाने शिकवतात. इथे सैल, इथे ओढ, इथे थांब. मुलीला साधं काम बरं येतं. जाळी नाही येत. ती सांगून येत नाही, असं बाजी म्हणाल्या, हाताला हात लावून शिकवावी लागते.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेली एक मुलगी आली. विशीतली असेल, उन्हाने लाल झालेली. तिने सगळ्यांना नमस्ते केलं आणि पाठ केलेलं म्हणायला लागली, की तुमच्या वॉर्डाच्या बजेटसाठी तुमची मतं नोंदवायची आहेत, तुमच्या भागातली सगळ्यात मोठी अडचण कोणती? तिच्यामागे दहा पावलांवर मुस्तकीम कमरेइतक्या पाण्यात गाठ मारत होता. तिला तो दिसत होता. तिने तो टॅबमध्ये लिहिला नसता, कारण कुणीतरी तोंडाने सांगावं लागतं.

मुस्तकीमने मान वर केली नाही. फळ्या देणारेही थांबले नाहीत. शकीला बाजींनी टॅबवाल्या मुलीला बसायला मोढा दिला, पाणी मागवलं. ती पाणी प्यायली. मग त्या शांतपणे म्हणाल्या,

"लिख लीजिए बेटा, यहाँ सब ठीक है।"

मुलीने एकदा विचारलं, नक्की? त्यांनी मान हलवली. त्यात टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. पाहुण्याला लवकर मोकळं करावं तशा त्या बोलल्या होत्या. मुलीच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, तिला अजून बरीच दारं करायची असणार. तिने बोट टेकवलं. मग माझ्याकडे वळली. माझे कपडे, माझा चष्मा, खुर्ची बघून तिला वाटलं असावं की ही बाई काहीतरी सांगेल.

"आंटी, आप कुछ जोड़ना चाहेंगी?"

मला सगळं पाठ होतं. दोन्ही खाती, तीन अर्ज, लाल फुल्या, पहिला क्रमांक. शकीला बाजी माझ्याकडे बघत नव्हत्या, धाकटीच्या टाक्याकडे बघत होत्या. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता.

"जो इन्होंने कहा," मी म्हणाले, "वही लिखिए।"

मुलीने ते लिहिलं, आभार मानले आणि शेजारच्या दारापाशी जाऊन पुन्हा नमस्ते केलं.